प्रकाशनानंतरचे संपादन : सामूहिक आरोग्यकोशाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीला कोशांचे अप्रूप नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंडामागून खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. अशा छापील कोशात नोंद आधी जाणकाराकडून लिहून घ्यायची, मग संपादकाने ती तपासायची, परिभाषा सारखी करायची, मुद्रिते वाचायची आणि शेवटी छापायची, असा क्रम असतो. खंड बांधला गेला की संपादकाचा हात त्या नोंदीवरून निघतो. चूक राहिलीच तर शुद्धिपत्र, नाहीतर पुढची आवृत्ती. आणि मराठीत कोशाची पुढची आवृत्ती किती वर्षांनी निघते हे जाणत्यांना सांगायला नको.

कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे, अशा ऑनलाइन कोशाने हा क्रम उलटा केला. तिथे नोंद आधी प्रसिद्ध होते, संपादन मागाहून सुरू होते आणि एकदा सुरू झाले की थांबत नाही. एखाद्या नटाच्या जन्मवर्षाचा घोळ दोन महिने तसाच राहिला तर कोणाचे फारसे बिघडत नाही (नटाचे बिघडत असेल तर गोष्ट वेगळी). आजाराच्या, औषधाच्या, लसीच्या पानावर येणारा वाचक मात्र बरेचदा स्वतः आजारी असतो, किंवा त्याच्या घरात कोणीतरी तापाने फणफणलेले असते. अशा पानांची गुणवत्ता राखण्याचा प्रश्न गेल्या वीसेक वर्षांत अभ्यासाचे एक स्वतंत्र क्षेत्र बनला आहे. त्यात डॉक्टर आहेत, ग्रंथपाल आहेत, संगणकशास्त्राचे लोक आहेत, भाषांतरकार आहेत. आणि ज्यांना यातली कुठलीच पाटी लावता येणार नाही असे चिकट स्वभावाचे वाचकही आहेत. या क्षेत्रात नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. उदाहरणे मुख्यतः विकिपीडियातली घेतली आहेत, कारण या प्रकारचा सर्वांत मोठा आणि सर्वांत उघडा प्रयोग तोच. तिथले प्रत्येक पान, त्यातला प्रत्येक बदल आणि त्या बदलावर झालेले प्रत्येक भांडण कोणालाही पाहता येते. अभ्यासकाला यापेक्षा आणखी काय हवे!

डॉक्टरांनाच लिहू द्यावे, बाकीच्यांना दारातच अडवावे, हा विचार पहिल्यांदा सगळ्यांच्याच मनात येतो. तो करून पाहिला गेला आहे. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली न्यूपीडिया नावाचा कोश काढला होता. त्यातला प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जाई. २००३ मध्ये तो बंद झाला तेव्हा मंजूर लेखांची संख्या पंचवीसच्या आसपास होती. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेला मोकळा विकी, म्हणजे विकिपीडिया, तोपर्यंत भलताच वाढला होता. खास आरोग्यासाठी २००९ मध्ये मेडपीडिया आला. हार्वर्ड, स्टॅनफर्ड यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांची नावे त्याच्या पाठीशी होती, आणि लेखात थेट बदल करण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि पीएचडीधारकांना होता. २०१३ मध्ये त्यानेही गाशा गुंडाळला. याउलट मेलबर्नच्या फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेला रेडिओपीडिया आजही जोमात आहे. तिथे विषय एकच, रेडिऑलॉजी. लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक एकाच पेशातले असतात, आणि आज सुधारलेले पान उद्या स्वतःच्याच कामाला येते. दाराशी पहारा बसवून गुणवत्ता आपोआप येत नाही, हे यावरून दिसते. लिहिणाऱ्याला पुन्हा त्या पानाकडे यावेसे वाटले पाहिजे. या क्षेत्रातली निम्मी कोडी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, असे माझे मत आहे.

आता एकाच पानाकडे जरा जवळून पाहू. डेंग्यू हा विषय आपल्या परिचयाचा आहे. पावसाळा ओसरू लागला की शहरातल्या आणि गावातल्या दवाखान्यांत हाच शब्द ऐकू येतो. डेंग्यूच्या कुठल्याही लेखात सहज लिहिले जाईल असे एक वाक्य घ्या : ‘ताप उतरला की रुग्ण बरा होऊ लागतो.’ वाक्य सोपे आहे, व्याकरणशुद्ध आहे, कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. काही रुग्णांच्या बाबतीत ते धोकादायक आहे. डेंग्यूचा कठीण काळ बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, पोटात जोराचे दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, माणूस मलूल पडतो. आणि घरचे मात्र ताप गेला म्हणून निर्धास्त असतात. शिवीगाळ, जाहिरात, खोडसाळपणा ही आरोग्यकोशाची ढळढळीत दुखणी. ती दिसतात म्हणून लवकर बरी होतात. खरा त्रास देतात ती अशी समंजस दिसणारी, संदर्भाशिवाय उभी असलेली वाक्ये. मुरलेला संपादक पान वाचताना प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारतो : हे कुठून आले? उत्तर सापडले नाही तर वाक्य कितीही शहाणे वाटो, ते काढायचे किंवा त्यावर संदर्भ हवा अशी खूण करायची.

संदर्भ सापडला म्हणून काम संपले, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये डेंग्यूचे वर्गीकरण बदलले. आधी डेंग्यू ताप, रक्तस्रावी डेंग्यू ताप आणि डेंग्यू शॉक सिंड्रोम असे प्रकार होते. नव्या मांडणीत धोक्याची लक्षणे नसलेला डेंग्यू, ती असलेला डेंग्यू आणि तीव्र डेंग्यू असे भाग पडले. जुनी नावे डॉक्टरांच्या बोलण्यातून गेली नाहीत, पुस्तकांतूनही लगेच गेली नाहीत. त्यामुळे पहिला परिच्छेद नव्या वर्गीकरणाचा, तिसरा जुन्या, अशी पाने तयार झाली. दोन्ही परिच्छेदांना चांगले संदर्भ, आणि दोन्ही मिळून वाचणाऱ्याचा गोंधळ. वेगवेगळ्या हातांनी विणलेल्या लेखात हे नेहमी घडते, कारण प्रत्येक जण आपल्या परिच्छेदापुरता जबाबदार असतो. अखंड लेख वरपासून खालपर्यंत एका बैठकीत वाचणारा माणूस दुर्मिळ. असा माणूस लाभला तर त्याला जपावे.

इंग्रजी विकिपीडियावरच्या डेंग्यूच्या लेखाला असे लोक लाभले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आपत्कालीन विभागात काम करणारे डॉक्टर जेम्स हाइलमन आणि त्यांचे सहकारी यांनी तो लेख घासूनपुसून तयार केला, आणि ओपन मेडिसिन या कॅनेडियन नियतकालिकाकडे पाठवला. तिथे नेहमीच्या शोधनिबंधाप्रमाणे त्याची तज्ज्ञांकडून समीक्षा झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो छापला गेला. मोकळ्या कोशातला लेख वैद्यकीय नियतकालिकाच्या कसोटीला उतरू शकतो, हे त्याने दाखवून दिले. त्याच वर्षी ते नियतकालिकच बंद पडले, हा योगायोग. पण पुढे जे झाले ते अधिक बोधप्रद आहे.

समीक्षा झालेली आवृत्ती तिथेच गोठली. त्यात डेंग्यूवर मान्यताप्राप्त लस नाही असे होते, आणि तेव्हा ते बरोबर होते. डिसेंबर २०१५ मध्ये मेक्सिकोने पहिल्या लसीला परवानगी दिली. एप्रिल २०१६ पासून फिलिपिन्समध्ये शाळकरी मुलांना ती देण्याची मोहीम सुरू झाली, आणि आठ लाखांहून अधिक जणांना ती टोचली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झालेला नाही अशांना लस घेतल्यावर पुढे संसर्ग झाला, तर आजार अधिक गंभीर होण्याचा संभव आहे. फिलिपिन्सने मोहीम थांबवली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आधी रक्त तपासून मगच लस द्यावी असा सल्ला दिला. म्हणजे ‘डेंग्यूवर लस नाही’ हे २०१४ चे खरे विधान २०१६ उजाडेपर्यंत खोटे झाले, आणि ‘डेंग्यूवर परिणामकारक लस आहे’ हे २०१६ चे विधान दीड वर्षात काही मुलांच्या दृष्टीने घातक ठरले. कोणी काही बिघडवले नव्हते, पानावर कोणी खोडसाळपणा केला नव्हता. पान फक्त होते तसेच राहिले असते, तरी ते चुकीचे झाले असते. कोकणात घर बांधून झाले की काम संपत नाही, दर वर्षी पावसाआधी कौले चाळावी लागतात. आरोग्यविषयक पानाचे तेच आहे.

स्रोत कोणता चालतो, याविषयी विकिपीडियाच्या वैद्यकीय संपादकांनी गेल्या दीड-दोन दशकांत बराच काटेकोर शिरस्ता घातला आहे. अनेक चाचण्यांचा एकत्रित धांडोळा घेणारे पद्धतशीर आढावे, अधिकृत संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे आणि प्रमाण पाठ्यपुस्तके सर्वांत वर. एकेकटी चाचणी त्याखाली. प्राण्यांवरचे आणि परीक्षानळीतले प्रयोग आणखी खाली. वर्तमानपत्रातली बातमी उपचाराच्या दाव्यासाठी जवळपास बाद. शक्यतो गेल्या पाच वर्षांतला आढावा घ्यावा, असाही दंडक आहे. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांची सवय झालेल्याला हे सगळे कर्मठ वाटते. पण पपईच्या पानांचा रस घ्या. डेंग्यूत प्लेटलेट वाढवायला तो देतात, हे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्यावर काही लहान चाचण्याही झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींत प्लेटलेटची संख्या वाढलेली दिसते. मग पानावर ‘परिणामकारक’ असे लिहायला हरकत काय? हरकत अशी की डेंग्यूतून बरे होताना प्लेटलेट तशाही वाढतातच. शिवाय रुग्णाला प्लेटलेटच्या आकड्याशी कर्तव्य नसते; रक्तस्राव टळला का, जीव वाचला का, हे त्याला हवे असते, आणि ते सिद्ध करण्याइतका पुरावा या लहान चाचण्यांत नाही. संपादक काय लिहील? लोक हा रस वापरतात, लहान चाचण्यांत प्लेटलेट वाढल्याचे आढळले आहे, रुग्णाच्या अंतिम हितावर परिणाम होतो असे दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. तीन तुकडे, तिन्ही खरे, आणि कोणाच्या आजीचा अपमान नाही.

स्रोत स्वतःही मरतो, हे नवख्या संपादकाला उशिरा कळते. गोवराची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा द लॅन्सेटमधला १९९८ चा निबंध त्या नियतकालिकाने पूर्णपणे मागे घेतला तो २०१० मध्ये. तोवर बारा वर्षे तो ‘प्रतिष्ठित नियतकालिकातला संदर्भ’ म्हणून हवा तिथे जोडता येत होता. कोविडच्या काळात स्रोत मरण्याचा वेग भयंकर वाढला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक निबंध २२ मे २०२० रोजी त्याच नियतकालिकात आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. इंग्रजी विकिपीडियावर आता मागे घेतलेल्या निबंधांचे संदर्भ हुडकून त्या पानांवर खूण करणारा बॉट आहे. खूण झाल्यावर ते वाक्य ठेवायचे, बदलायचे की उडवायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

इथवर नियमांची बाजू घेतली. आता ते कुठे बोचतात तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडचे अभ्यासक सर्वांत मोलाचे काम करू शकतील ते नेमके इथे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर आयुष्य वेचले. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर येणारा ताण त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदवला, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर वापरले. त्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत, प्राझोसिनच्या वापरानंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आले. २०११ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची एक तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. विंचवाची प्रतिविषलस आणि प्राझोसिन मिळून दिल्यास नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर सावरतो, असे तीत दिसले. वर सांगितलेल्या उतरंडीत हे काम कुठे बसते? एका ठिकाणची, थोड्या रुग्णांवरची चाचणी. म्हणजे खालच्या पायरीवर. त्यावर मोठे आढावे का नाहीत? कारण विंचू बहुतेक करून गरिबांना आणि अनवाणी चालणाऱ्यांना चावतो, आणि आढाव्यांसाठी पैसा पुरवणाऱ्यांच्या देशांत तो फारसा चावत नाही. संशोधनातली दरी अशी जशीच्या तशी कोशात उतरते, नियम कोणताही भेदभाव करत नसताना.

या शिरस्त्यात पळवाट नाही असे नाही. ज्या विषयावर आढावे थोडे आहेत तिथे पाच वर्षांची अट सैल करावी, असे तो स्वतःच सांगतो. मग जाणकार संपादक पाठ्यपुस्तकात किंवा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते काम कुठे सामावले गेले आहे ते शोधतो, तो संदर्भ पुढे ठेवतो, आणि मूळ चाचणी कुठे, किती जणांवर झाली ते वाक्यातच सांगून टाकतो. हे करायला मात्र महाड नकाशावर कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस लागतो.

सर्पदंशाचे पान तर याहून निसरडे. प्रथमोपचार म्हणून पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट पट्टी गुंडाळून तो अवयव स्थिर करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. तिथल्या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या सापांसाठी ती योग्यच आहे. आपल्याकडे नाग आणि मण्यार यांच्या जोडीला घोणस आणि फुरसे आहेत, आणि या दोघांच्या विषाने दंशाच्या जागेभोवतीचे मांस सडते. तिथे आवळलेली पट्टी नुकसान वाढवू शकते. भारताच्या राष्ट्रीय सूचनांत भर आहे तो धीर देण्यावर, मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा अवयव न आवळता स्थिर ठेवण्यावर आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठण्यावर. इंग्रजी लेख प्रामाणिकपणे मराठीत आणणारा भाषांतरकार एकही शब्द न चुकवता वाचकाला चुकीच्या देशाचा सल्ला देऊ शकतो. संदर्भ जागच्या जागी, अर्थ अचूक, आणि तरी सल्ला परका. आकड्यांचेही असेच. भारतात सर्पदंशाने वर्षाला किती माणसे मरतात? एका मोठ्या पाहणीने २००५ साठी सुमारे ४६,००० असे उत्तर दिले; त्याच धाग्यावरच्या पुढच्या, २०२० मधल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळासाठी वर्षाला सरासरी ५८,००० असे दिले. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीतला आकडा यांच्यापुढे कितीतरी लहान. यांतला कोणताही आकडा लिहिणे ही चूक नव्हे. वर्ष आणि मोजण्याची रीत न सांगता लिहिणे ही चूक.

काही गोष्टी न लिहिणे हाही गुणवत्तेचाच भाग आहे. विकिपीडियाच्या वैद्यकीय लेखनसंकेतांनुसार औषधाची मात्रा साधारणतः दिली जात नाही. वाचकांची यावर तक्रार असते, कारण बहुतेकांना नेमके तेच हवे असते. पण मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम, ५० च्या जागी ५००, एवढा बदल करायला क्षण पुरतो आणि तो नजरेला पडायला आठवडा लागू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून क्लूबॉट एनजी नावाचा बॉट उपद्रवी बदल काही सेकंदांत परतवतो. शिव्या, निरर्थक अक्षरे, अख्खा परिच्छेद पुसणे, हे त्याला उत्तम कळते. ‘डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन देऊ नये’ या वाक्यातला ‘देऊ नये’ जाऊन तिथे ‘द्यावे’ आले, तर मात्र यंत्राच्या दृष्टीने एक नीटनेटके वाक्य जाऊन दुसरे नीटनेटके वाक्य आले. रक्तस्राव वाढवू शकणारे औषध रक्तस्रावाचा धोका असलेल्या आजारात सुचवले जात आहे, हे ओळखायला पहाऱ्याच्या सूचीत ते पान ठेवलेला कोणीतरी जागा माणूसच हवा.

तटस्थतेचा प्रश्न भारतीय वाचकाला सर्वांत आधी सुचतो, तो आयुर्वेदामुळे. इंग्रजी विकिपीडियावरच्या आयुर्वेदाच्या लेखातल्या शेऱ्यांविरुद्ध औषध उत्पादकांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती याचिका दाखल करून घेतली नाही. विकिपीडियावरचा लेख तुम्हालाही संपादित करता येतो, याकडे न्यायालयाने याचिकाकर्त्यांचे लक्ष वेधले. सल्ला व्यवहारी होता, पण वाटतो तितका सोपा नाही. तिथे तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना समान जागा असा अर्थ घेत नाहीत. विश्वसनीय स्रोत ज्या मताला जितके वजन देतात तितकेच कोशानेही द्यावे, असा घेतात. माझ्या मते चरक-सुश्रुतांचा इतिहास, ग्रंथपरंपरा, समाजातले स्थान यांविषयी लिहिताना आदर आणि तपशील दोन्ही हवेत, आणि इंग्रजी लेखांत पुष्कळदा ते कमी पडतात. एखादे चूर्ण अमुक आजार बरा करते हा दावा मात्र ज्या चाळणीतून नव्या गोळीला जावे लागते तिच्यातूनच गेला पाहिजे. हितसंबंधांचे दुखणे दोन्हीकडे सारखेच आहे. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसे जाहीर करावे, ही अट विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये वापरअटींत घातली. जाहीर न करणारे अर्थातच जाहीर करत नाहीत.

मग एवढे सगळे करून हा कोश विश्वासार्ह होतो का? हे मोजण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत, आणि ते वाचताना सावध राहावे. नेचरने २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात दर नोंदीमागे सुमारे चार आणि ब्रिटानिकात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दहा खर्चिक आजारांच्या लेखांपैकी नऊंमध्ये वैद्यकीय साहित्याशी विसंगत विधाने असल्याचे सांगितले, आणि ‘विकिपीडियातले नव्वद टक्के वैद्यकीय लेख चुकीचे’ असे मथळे झळकले. दहा लेखांवरून नव्वद टक्के! मूळ निबंध वाचला तर तपासणाऱ्यांमध्ये विधान कशाला म्हणावे यावरच एकमत नव्हते असे दिसते. या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्याच वर्षी हे दोन्ही निबंध आणि त्यांवरचे आक्षेप शेजारी ठेवून वाचावेत. चूक मोजायची तर चूक म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. वगळलेली माहिती ही चूक धरायची का? दुर्बोध पण अचूक वाक्याचे काय? दहावी शिकलेल्या आईला जे समजत नाही ते पान तिच्यापुरते तरी चांगले म्हणता येईल का? शेवटच्या प्रश्नावर फारच थोडे काम झाले आहे, मराठीत तर नाहीच म्हटले तरी चालेल.

माणसे किती आहेत, याचा अंदाज एका अभ्यासातून येतो. २०१३ च्या अखेरीस विकिपीडियाच्या २५५ भाषांत मिळून दीड लाखाहून अधिक वैद्यकीय लेख होते, त्या वर्षी ते ४८८ कोटी वेळा पाहिले गेले, आणि त्यांच्यावर सातत्याने काम करणारा गाभ्याचा गट तीनशेहून कमी लोकांचा होता. त्यांतले सुमारे निम्मे आरोग्यसेवेतले. भाषेगणिक वाटणी केली तर मराठीसारख्या भाषेच्या वाट्याला काय येते याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. लिहिणारे तिथे येतात, मोठ्या उत्साहाने पाने उघडतात. उघडलेल्या पानाकडे चौथ्या वर्षी परत येणारे थोडे. म्हणून मराठीत नवीन लेखांची स्पर्धा भरवण्यापेक्षा जुने पन्नास लेख दत्तक देण्याची योजना मला अधिक शहाणपणाची वाटते. विश्वकोशाने विषयवार ज्ञानमंडळे नेमून तज्ज्ञांकडे नोंदींची जबाबदारी सोपवली आहे. ती शिस्त आणि विकीचा मोकळेपणा यांची सांगड घालता येईल का, हा मराठीपुढचा खास प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या कोणाकडून आयते मिळणार नाही.

या कामाला पदवी लागत नाही, पण पदवी असणाऱ्यांना ते शिकवता येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ पासून वैद्यकाच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना विकिपीडियाचा एकेक लेख सुधारण्याचा ऐच्छिक अभ्यासक्रम देण्यात आला. एका लेखासाठी आढावे शोधणे, त्यांचे वजन ठरवणे, आणि ते सामान्य माणसाच्या भाषेत मांडणे, हे सगळे त्यात येते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यक हा विषय आहेच. त्याच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत एक पान मराठी लेखासाठी ठेवायला कोणाची परवानगी लागू नये. परिचारिका, औषधनिर्माते, आशा कार्यकर्तींना शिकवणारे प्रशिक्षक यांना तर डॉक्टरांपेक्षाही एक गोष्ट अधिक ठाऊक असते : लोक नेमके काय विचारतात. संदर्भ हुडकण्यात ग्रंथपालांचा हात कोणी धरू शकत नाही. आणि ज्याला यातले काही येत नाही त्याने चर्चा पानावर जाऊन ‘हे वाक्य मला समजले नाही’ एवढे लिहिले, तरी तो संपादनात सहभागी झाला.

सुरुवात लहान असावी. एक पान निवडावे, त्याचा इतिहास उघडावा, शेवटचा खरा बदल कधी झाला ते पाहावे. मग पहिल्या परिच्छेदातली विधाने एकेक करून त्यांच्या संदर्भांपर्यंत नेऊन पाहावीत. दुवा उघडतो का, उघडला तर त्यात खरोखर तेच म्हटले आहे का, आणि ते कोणत्या सालचे आहे. लेख भाषांतरित असेल तर मूळच्या कोणत्या तारखेच्या आवृत्तीवरून केला, ते चर्चा पानावर नोंदवावे. एवढे करायला एक संध्याकाळ पुरते, आणि बहुतेक पानांवर हे अजून कोणीच केलेले नाही. कुठून आरंभ करावा असे कोणी विचारले तर मी डेंग्यू, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश आणि विंचूदंश ही पाच पाने सुचवेन, आणि मुदत मेअखेरची देईन. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ती वाचणाऱ्यांची संख्या वाढू लागते.